आलिशान मोटारींची मागची बैठक

वाराणसीत गंगेच्या पूर्व काठावरील रामनगर किल्ल्याच्या संग्रहालयात काशी नरेशांच्या जुन्या अमेरिकी मोटारी पालख्या आणि अंबाऱ्यांसोबत मांडलेल्या आहेत. मालकाने मागे बसावे आणि वाहन दुसऱ्याने हाकावे, ही त्यांतील कल्पना आजच्या भारतीय बाजारातही टिकून आहे. पुण्याजवळच्या चाकण येथे जुळणी होणारी मर्सिडीज ई-क्लास आणि चेन्नईत जुळवली जाणारी बीएमडब्ल्यू ५ सिरीज या दोन्ही प्रतिस्पर्धी गाड्या 2024 मध्ये वाढीव व्हीलबेससह, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांमधील अधिक अंतरासह, येथे आल्या, कारण ते अंतर वाढले की मागच्या प्रवाशाला पाय पसरायला जागा मिळते. त्याच वर्षी मर्सिडीजने 19,565 गाड्या विकून आघाडी राखली, तर ऑडीची विक्री 5,816 वर थांबली. 2025 च्या सप्टेंबरात मोठ्या पेट्रोल-डिझेल मोटारींवरील उपकर रद्द होऊन सरसकट 40 टक्के वस्तू व सेवा कर लागू झाल्याने एकूण भार घटला. तथापि पाच मीटरहून लांब असलेली ही वाढीव व्हीलबेसची वाहने काशी विश्वनाथ परिसरातील गल्ल्यांत शिरूच शकत नाहीत, आणि अशा शहरातील ग्राहकाला व्हीलबेसइतकीच वळणत्रिज्या, म्हणजे गाडी किती कमी जागेत वळते हे, विक्रेत्यांनी आवर्जून सांगायला हवे.