काळ्या दारूची राख

अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या फ्रेंडशिप या खेड्यात, 1933 साली स्थापन झालेल्या नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनच्या स्पर्धा भरतात, तेव्हा ठासणीच्या बंदुकांचे शौकीन दिवसभर जो धूर उडवितात, त्याचा हिशेब सायंकाळी नळी धुताना चुकता होतो. सुमारे 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा व 10 भाग गंधक यांच्या मिश्रणाने सिद्ध होणारी काळी दारू जळते, तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक अंश वायुरूप न होता पोटॅशियमच्या क्षारांच्या रूपाने घनच राहतो. त्यातला काही धुराबरोबर बाहेर पडतो, आणि उरलेला नळीस चिकटून, हवेतील आर्द्रता शोषून, पोलादास अल्पावधीत गंज चढवितो. हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून जाणकार मनुष्य प्रथम ऊन पाणी ओततो, नळी पूर्ण कोरडी करतो आणि मगच तेलाचा हात फिरवितो. हा क्रम मला रसायनशास्त्राचे अत्यंत सुंदर उपयोजन वाटतो.

नळीबाहेर पडणारा हा धूर चित्रपटांत मात्र दिसत नाही; नायक ठासणीच्या बंदुकीने बारामागून बार काढतो तरी समोरचे दृश्य स्वच्छच राहते. वस्तुतः नेपोलियनकालीन रणांगणावर, वारा पडलेला असल्यास, दोन-चार फैरींतच शत्रू दिसेनासा होई, आणि सैनिकांचे भडक गणवेश त्या धुरात आपपर ओळखण्यास उपयोगी पडत. धूर वगळला की ते तांबडे-निळे पोशाख निव्वळ शोभेचे भासतात.