भोपळा मोठा कसा होतो?

गोष्टीतल्या म्हातारीला पुरेल एवढा भोपळा खरोखर होतो. २०२३ साली कॅलिफोर्नियात १,२४७ किलोचा भोपळा तोलला गेला. ते वाण निराळे, त्याला सौम्य उन्हाळा लागतो. पुण्यात शाळेच्या परसात आपण आपला लाल भोपळाच लावू.

पावसाच्या सुरुवातीला शेणखत घातलेल्या आळ्यात बी टोचावे. वेलावर नर व मादी फुले वेगळी येतात. मादी फुलाखाली इवलेसे फळ दिसते. सकाळी लवकर नर फुलातले पराग तिला लावावेत. फळे धरली, की एकच ठेवून बाकीची खुडावीत. मुले हळहळतील, पण पानांनी केलेले अन्न वाटले गेले, तर एकही फळ मोठे होत नाही. दर आठवड्याला दोरीने घेर मोजून आलेख काढू. वाढ केव्हा मंदावली, ते मुलेच सांगतील.