हिवाळ्यात इंजिन लवकर गरम होत नाही? आधी थर्मोस्टॅट जागेवर आहे का पाहा

नोव्हेंबर संपत आला की महाबळेश्वर-पाचगणीकडे पर्यटकांची वर्दळ वाढते. त्याच सुमारास सातारा, वाई, कराड, मिरज भागातील गॅरेजांत एक तक्रार हमखास ऐकू येते. सकाळी गाडी सुरू करून अर्धा तास झाला तरी पाण्याचा काटा वर सरकत नाही आणि हिटर लावला तर गार वाराच येतो. गिऱ्हाईक मुंबईचे असले आणि सोबत लहान मूल असले, की मागच्या सीटवरून कुरकुर सुरू होते आणि पुढच्या वर्षी ते दुसऱ्याची गाडी ठरवते. ट्रक, टेम्पो, टॅक्सी आणि गॅरेज हा या पानाच्या पुष्कळ वाचकांचा पोटापाण्याचा धंदा आहे, म्हणून हा विषय जरा सविस्तर घेत आहोत.

या तक्रारीवर सर्रास दिले जाणारे उत्तर म्हणजे ‘थंडीच आहे, चालायचेच.’ हे उत्तर बरोबर नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंच आहे. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या बाजूला एखाद्या पहाटे पारा शून्याच्या जवळ जातो, गवतावरचे आणि गाड्यांच्या टपावरचे दव गोठते. तरीही ही थंडी इंजिनाला हरवणारी नव्हे. लडाखमध्ये हिवाळ्यात डिझेल गोठते, म्हणून २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑइलने तिथे उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल विक्रीला आणले. अशा ठिकाणीही सुस्थितीतली गाडी गरम होते आणि तिचा हिटर चालतो. मग आपल्याकडे का चालू नये? बहुतेक वेळा कारण हवेत नसते, गाडीत असते. एक छोटासा भाग कोणीतरी, कधीतरी काढून टाकलेला असतो. त्याचे नाव थर्मोस्टॅट.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाके फिरवण्याच्या कामी येते, तेवढीच सायलेन्सरवाटे जाते आणि उरलेली पाण्यात उतरते. हे पाणी पंपाने इंजिनाभोवती फिरत राहते. इंजिन गार असताना हे पाणी रेडिएटरकडे जाऊ नये, आतल्या आत फिरून लवकर तापावे, यासाठी वाटेत थर्मोस्टॅट बसवलेला असतो. त्याच्या पोटात मेण असते. पाणी साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान आले की मेण वितळून फुगते, झडप ढकलते आणि रेडिएटरची वाट मोकळी होते. पाणी पुन्हा गार होऊ लागले की मेण आकसते आणि झडप मिटते. त्याला वीज लागत नाही, तेल लागत नाही. रात्रंदिवस उभा असलेला हा पहारेकरी आहे म्हणा ना.

हिटर म्हणजे काही वेगळी शेगडी नव्हे. डॅशबोर्डच्या आत एक छोटा रेडिएटर असतो, इंजिनाचे गरम पाणी त्यातून जाते आणि ब्लोअर त्यावर हवा मारतो. पाणीच कोमट असेल तर ब्लोअर कितीही जोरात फिरवला तरी गार वाराच येणार. काही जुन्या गाड्यांत हा छोटा रेडिएटर गळू लागल्यावर त्याचे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून टाकलेले असतात. अशा गाडीत हिटरची अपेक्षाच करू नये.

आता आपल्या भागाची खास अडचण पाहू. गाडी रात्रभर महाबळेश्वरला उभी राहते आणि पहाटे खाली निघते. पाचगणीपर्यंत थोडे चढउतार, मग पसरणीचा घाट उतरून वाई. म्हणजे इंजिन सर्वांत गार असते तेव्हाच त्याच्यावर भार सर्वांत कमी असतो. उतारावर गाडी गिअरमध्ये सोडली की इंधन जवळजवळ जळतच नाही, आणि समोरून गार वारा रेडिएटरवर आदळत असतो. थर्मोस्टॅट जागेवर असेल तर रेडिएटरची वाट बंद राहते आणि इंजिन मिळालेली ऊब धरून ठेवते. तो नसेल तर मिळालेली थोडीफार उष्णता घाटातल्या वाऱ्यावर उडून जाते. पर्यटक वाईला चहाला उतरेपर्यंत काकडलेले असतात ते यामुळे.

मग हा भाग काढला कोणी? त्याचे उत्तर मे महिन्यात आहे. भरलेली गाडी पसरणी किंवा खंबाटकी चढताना तापते, वाफ येते, ड्रायव्हर बाटलीने पाणी ओततो. गॅरेजात नेल्यावर उस्ताद म्हणतात, ‘वो थर्मोस्टॅट निकालके फेक दो, झंझट खतम.’ झडपच नाही म्हणजे पाणी सदा मोकळे फिरणार, इंजिन सदा थंड राहणार, असा तो हिशेब. अँबॅसिडर आणि फियाटच्या जमान्यात हिटर ही चैन होती, त्यामुळे या उपायाचा तोटा फारसा जाणवत नसे. उस्तादाचे पाहून शागीर्द शिकला आणि ती रीत होऊन बसली.

उस्तादांच्या हाताला आम्ही नावे ठेवत नाही. आवाजावरून दोष ओळखणारी माणसे आहेत ती. पण गाडी तापण्याचे मूळ बहुधा दुसरीकडे असते. सांगलीच्या पूर्वेकडे जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागात बोअरचे पाणी क्षारांचे असते. तेच पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले की चहाच्या किटलीत बसतो तसा पांढरा थर नळ्यांत बसतो. नळी अरुंद होते, उष्णता बाहेर पडत नाही. दुसरे कारण रेडिएटरचे झाकण. महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी सुमारे ९५ अंशांवरच उकळते. झाकणाच्या आतील स्प्रिंग पाण्यावर दाब ठेवते, म्हणून गाडीतले पाणी त्यापेक्षा वीसेक अंश अधिक सोसू शकते. हे झाकण सैल झाले, रबर फाटले, की घाटात पाणी उकळणारच. रेडिएटर साफ करून घेणे, झाकण बदलणे आणि क्षाराच्या पाण्याऐवजी कंपनीने सांगितलेले कूलंट भरणे ही खरी दुरुस्ती होय.

शिवाय थर्मोस्टॅट काढल्याने उन्हाळ्यातला दोष जातो, हेही पूर्ण खरे नाही. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटची झडप दुहेरी असते. वरची बाजू रेडिएटरची वाट उघडते, त्याच वेळी खालची बाजू आतल्या आत फिरण्याची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर ही आतली वाट कायम उघडी राहते आणि काही पाणी रेडिएटरला न जाता तापलेलेच परत इंजिनात शिरते. म्हणजे जी गाडी हिवाळ्यात गरम होत नाही तीच उन्हाळ्यात घाटात जास्त तापते. असा उलटा अनुभव आला की मिस्त्री आणि मालक दोघेही चक्रावतात.

हिटरची गैरसोय हा यातला सर्वांत लहान तोटा आहे. खरा फटका इंजिनाला बसतो. एक लिटर डिझेल जळले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन गरम असेल तर ही वाफ सायलेन्सरवाटे निघून जाते. थंड सिलिंडरमध्ये मात्र तिचा काही अंश पाणी होऊन रिंगांच्या कडेने ऑइलमध्ये उतरतो, सोबत न जळलेले इंधनही. ऑइल पातळ होते, लायनर आणि बेअरिंग झिजतात, आणि इंजिन वेळेआधी कामाला काढावे लागते. ऑइल भरायच्या झाकणाखाली हिवाळ्यात लोण्यासारखा पांढरट थर दिसतो तो याचाच. कित्येकदा हा थर पाहून हेड गॅस्केट गेले असे समजतात आणि हेड उघडतात. कूलंटची पातळी घटत नसेल, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येत नसेल, तर हेड उघडण्याची घाई करू नये. आधी इंजिन नीट तापते का ते बघावे.

नव्या गाड्यांत हा प्रश्न आणखी महाग झाला आहे. इंजिन गार आहे असे सेन्सरने सांगितले की गाडीचा कॉम्प्युटर इंधन वाढवतो, आणि काटा वरच न आल्यास डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ गाड्या आल्या. त्यांतल्या बहुतेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते आणि ती काजळी अधूनमधून आपोआप जाळून टाकली जाते. त्यासाठी इंजिन पुरते गरम असावे लागते. ते गरमच झाले नाही तर जाळी तुंबते, आणि तिची सफाई किंवा बदली हजारो रुपयांना पडते. सीएनजीवर चालणाऱ्यांचे गणित वेगळे, पण सुटका त्यांचीही नाही. सिक्वेन्शियल किट पेट्रोलवर सुरू होते आणि पाणी ठरावीक तापमानाला आले की मगच गॅसवर जाते. पाणी तापायला जितका उशीर, तितके पेट्रोल जास्त. टाकीतला गॅस सुमारे २०० बारच्या दाबाचा असतो. तो रिड्युसरमध्ये एकदम मोकळा होताना खूप थंड होतो, म्हणून रिड्युसरला इंजिनाच्या गरम पाण्याची ऊब दिलेली असते. ती मिळाली नाही तर रिड्युसरवर हिम धरते आणि गाडी अडखळते.

रुपयांत हिशेब करून पाहू. समजा एखादी टॅक्सी रोज ८० किलोमीटर चालते आणि इंजिन गार राहिल्याने लिटरला १६ ऐवजी १५ किलोमीटर देते. रोजचे पाच लिटर डिझेल आता सुमारे सव्वापाच लिटरच्या वर गेले, म्हणजे दिवसाला तिसरा हिस्सा लिटर जास्त. थंडीच्या १२० दिवसांत ४० लिटर झाले. लिटरला ९० रुपये धरले तर ३,६०० रुपये. जुन्या गाड्यांचा थर्मोस्टॅट काही शे रुपयांत मिळतो. नव्या गाड्यांत तो प्लॅस्टिकच्या घरासकट येतो आणि महाग पडतो, तरी एखाद-दुसऱ्या हिवाळ्यात वसूल होतो.

सांगलीच्या सपाटीवर घाट नाही आणि थंडीही बेताची, पण तिथली अडचण छोट्या फेऱ्यांची आहे. मार्केट यार्डात हळदीची पोती टाकून परतणारा टेम्पो दोन-तीन किलोमीटर चालतो आणि बंद होतो, तासाभराने पुन्हा तेच. अशा गाडीचे इंजिन दिवसभरात एकदाही पुरते गरम होत नाही. तिचे ऑइल किलोमीटर पाहून न बदलता महिने पाहून बदलावे.

पुष्कळ ड्रायव्हर फजरच्या सुमारास गाडी सुरू करून जागेवरच पंधरा-वीस मिनिटे घरघरत ठेवतात. डिझेल इंजिन रिकामे चालताना फार थोडी उष्णता देते, त्यामुळे ही वीस मिनिटे निव्वळ डिझेल जाळण्यात जातात. ऑइलचा दाब यायला मिनिटभर पुरते. मग गाडी काढावी आणि पहिले चार-पाच किलोमीटर हलक्या पायाने, जास्त रेस न करता चालवावी. काटा थोडा वर येईपर्यंत हिटरही बंद ठेवावा, कारण तो इंजिनाचीच उष्णता पळवतो. रेडिएटरपुढे पुठ्ठा किंवा पोते बांधण्याची जुनी युक्ती थर्मोस्टॅट नसलेल्या गाडीची ठिगळपट्टी आहे. दुपारी पुठ्ठा काढायचा राहिला की चढावर गाडी तापलीच.

घाटात धुके असताना समोरची काच आतून धुरकटते, तेव्हा हातरुमालाने पुसत गाडी हाकणे जिवावर बेतणारे आहे. हिटर गरमवर, हवा काचेकडे, बाहेरची हवा घेणारे बटण चालू आणि सोबत एसीही चालू ठेवावा. थंडीत एसी कशाला, असे वाटेल, पण एसी हवेतला दमटपणा काढून घेतो आणि काच लवकर स्वच्छ होते.

आणखी एक गोष्ट उसाच्या हंगामातली. भुईंज, रेठरे, साखराळे येथील कारखान्यांवर वजनकाट्यासाठी रात्रभर नंबर लावून ट्रक उभे असतात. केबिनच्या काचा लावून, इंजिन चालू ठेवून किंवा आत निखाऱ्याची शेगडी ठेवून कोणीही झोपू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्याला जाग येत नाही. घोंगडी दोन जास्त घ्याव्यात.

आपल्या गाडीत थर्मोस्टॅट आहे की नाही, हे घरबसल्या कळते. गार इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या मोठ्या पाइपला हात लावावा, मात्र पंख्यापासून हात दूर ठेवून. पाइप पहिल्या काही मिनिटांत गार राहून मग एकदम गरम झाला तर थर्मोस्टॅट ठीक. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर तो नाही किंवा उघडाच अडकला आहे. घाट उतरताना काटा भराभर खाली येत असेल तर तीही तीच खूण. नवा भाग बसवण्यापूर्वी तो पातेल्यात दोऱ्याने टांगून पाणी तापवावे. उकळी येण्याच्या आत झडप उघडली पाहिजे आणि पाणी निवल्यावर पुरती मिटली पाहिजे. किती अंशांवर उघडणार तो आकडा बहुधा त्याच्या पत्र्यावरच छापलेला असतो. काही थर्मोस्टॅटना कडेला एक बारीक भोक आणि त्यात हलणारी पिन असते, ती बसवताना वरच्या बाजूला यावी, म्हणजे आत अडकलेली हवा निघते. नंतर गार इंजिनावर झाकण उघडे ठेवून, हिटर पूर्ण गरमवर करून गाडी सुरू करावी. बुडबुडे येऊन हवा निघाली की पातळी खाली जाते. तेवढे कूलंट भरावे आणि मगच झाकण लावावे.