कर्जाचाही सातबारा असतो!

मृगाचा पाऊस पडण्याआधी मालेसारख्या मुळशीतल्या भातगावात बी-बियाणे, खते आणि मजुरीची जुळवाजुळव सुरू होते. पीककर्जासाठी बँकेची पायरी चढावी लागते. पूर्वी साहेब सातबारा आणि आठ-अ पाहत. आता ते आणखी एक कागद पाहतात. तो म्हणजे पतअहवाल. बोलण्यात आपण त्याला ‘सिबिल’ म्हणतो.

खरे तर सिबिल हे एका कंपनीचे नाव. ती २००० साली स्थापन झाली. २००५ च्या कायद्याखाली आज सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आपल्या कर्जाच्या नोंदी ठेवतात. कर्ज किती, बाकी किती, हप्ता किती दिवस थकला, हे सारे त्यात येते.

सातबाऱ्यात जसा गट नंबर, तसा या अहवालात खाते क्रमांक. गावात एका नावाची चार माणसे असतात. नावावरून घोटाळा होतो. नंबरावरून तो उलगडतो. दुसऱ्याचे थकलेले कर्ज आपल्या नावावर चढले असेल, तर ते हुडकण्याची खूण हीच.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. किसान क्रेडिट कार्डावरचा सोळा आकडी नंबर आणि अहवालातला नंबर जुळला नाही, तर घाबरू नका. अहवालात बहुधा कर्जखात्याचा नंबर असतो. तो पासबुकाशी ताडून पाहा. खरेदीचे क्रेडिट कार्ड हरवून नवे मिळाले, की नंबर बदलतो. जुना नंबर अहवालात राहिला असेल, तर एकच येणे दोनदा मोजलेले नाही ना, हे पाहावे. बँकांच्या विलीनीकरणाचेही तसेच. देना बँक २०१९ साली बँक ऑफ बडोदात गेली. अशा जुन्या खात्यांची नोंद नीट तपासावी.

“तुमच्या नावावर थकबाकी दिसते,” असे साहेब म्हणाले, तर त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्या प्रतीत इतर बँकांची नावे आणि खाते क्रमांक सहसा झाकलेले असतात. ते आपल्याच प्रतीत दिसतात. म्हणून आपली प्रत आपण काढावी. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला हाताशी घ्या आणि कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच तो काढा.

चूक आढळली, तर खाते क्रमांक लिहून बँकेकडे आणि त्या कंपनीकडे लेखी तक्रार करा. पोच जपून ठेवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कर्ज फेडले असेल, तर बेबाकी दाखला तक्रारीला जोडावा.

आणि एक सावधगिरी. ‘सिबिल सुधारून देतो’ म्हणून फोन आला, तर खाते क्रमांक, पिन किंवा ओटीपी सांगू नका. आपल्या बांधावर परक्याने खुंटी ठोकली, तर आपण गप्प बसतो का? मग या कागदाचा बांधही वर्षातून एकदा फिरून पाहायला नको का?