विश्लेषण : ‘सी यू लेटर’ म्हणजे नेमके कधी? ब्रिटिशांच्या निरोपाचा अर्थ काय?

ब्रिटनमधील विद्यापीठांचे नवे वर्ष साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होते. कोथरूडमधूनही अनेक मुले-मुली शिक्षणासाठी तिकडे जातात. इंग्रजीची परीक्षा उत्तम गुणांनी पार केलेली असते, तरी पहिल्या काही आठवड्यांत साधे निरोपाचे शब्द गोंधळात टाकतात. या शब्दांचा अर्थ नेमका काय?

‘सी यू लेटर’ म्हणजे भेटीचे आश्वासन?

नाही. पुन्हा कधीही भेट होणार नसलेला दुकानदारही ‘सी यू लेटर’ म्हणतो. तरुण मुले नुसते ‘लेटर्स’ म्हणतात, तर उत्तर इंग्लंडमध्ये ‘इन अ बिट’ ऐकू येते. तिन्हींचा अर्थ एकच : येतो. आपणही कुणाच्या घरून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. त्यावर यजमान ‘कधी?’ असे विचारत नाहीत.

आपला ‘टाटा’ कुठून आला?

मराठी घरांत तान्ह्या बाळाला शिकवला जाणारा ‘टाटा’ मूळचा इंग्रजी बोबडा बोल. उद्योगसमूहाच्या नावाशी त्याचा संबंध नाही. १९ व्या शतकापासून तो इंग्रजीत आढळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसी रेडिओवरील ‘इट्स दॅट मॅन अगेन’ या विनोदी कार्यक्रमाने ‘टाटा फॉर नाऊ’ घरोघरी पोहोचवले. बर्मिंगहॅम, लिव्हरपूलकडे त्याच धाटणीचे ‘टरा’ आजही ऐकू येते. नुसते ‘टा’ मात्र निरोप नव्हे, तर ‘थँक यू’.

‘चीअर्स’ कधी म्हणतात?

हा शब्द केवळ पेला उंचावतानाचा नाही. कुणी दार धरून ठेवले, बसमधून उतरलो, फोन ठेवायचा आहे, अशा प्रत्येक वेळी ‘चीअर्स’ चालतो. आभार आणि निरोप दोन्ही त्यात आले. त्यामुळे मुलाने फोनवर ‘चीअर्स’ म्हटले, तर घरच्यांनी दचकू नये. ‘चीरिओ’ मात्र आता बऱ्याच ठिकाणी जुन्या वळणाचा वाटतो. स्कॉटलंडमध्ये तो अजून सर्रास ऐकू येतो.

न सांगता निरोप कसा देतात?

गप्पा सुरू असताना ब्रिटिश माणूस मांडीवर हात आपटून ‘राइट!’ म्हणाला, की बैठक संपली. आपल्या ‘चला!’चेच हे भावंड. फोनवर ‘आय विल लेट यू गो’ म्हणजे ‘तुझा वेळ घेत नाही’. खरे तर बोलणाऱ्यालाच फोन ठेवायचा असतो. ईमेलच्या शेवटी ‘ऑल द बेस्ट’ असले, तर ती परीक्षेसाठीची शुभेच्छा नव्हे, आपल्या ‘कळावे’सारखा समारोप असतो. नॉटिंगहॅमकडच्या दुकानात कुणी ‘टरा, डक’ म्हटले, तर ‘डक’ म्हणजे नुसते ‘बाळा’.

मग खरे आमंत्रण कसे ओळखायचे?

गैरसमज येथेच सर्वाधिक होतो. ‘यू मस्ट कम राउंड फॉर डिनर’ हे वाक्य अनेकदा आपल्या ‘या एकदा घरी’इतकेच मोघम असते. परक्या शहरात एकट्या राहणाऱ्या मुलाला ते आमंत्रण वाटते, तो वाट पाहतो आणि ‘ही माणसे तोंडदेखली आहेत’ असा समज करून घेतो. त्यातून तो लोकांपासून दुरावतो, हा खरा तोटा. प्रत्यक्षात समोरच्याने फसवलेले नसते. त्याने केवळ रीत पाळलेली असते.

ओळखण्याची खूण सोपी आहे. वार आणि वेळ सांगितली, तर आमंत्रण. नाही तर निरोप. शंका असेल तर ‘शनिवारी जमेल का?’ असे आपणच विचारावे. त्यात वावगे काही नाही, आणि उत्तरावरून काय ते कळते.