कुंडलिकेचा गाळ आणि काठाचे रहिवासी

जुना जालना आणि नवीन जालना यांच्यामधून वाहणाऱ्या कुंडलिकेचे पात्र दर उन्हाळ्यात चर्चेचा विषय होते, आणि ते स्वाभाविकही आहे. 2012-13 च्या दुष्काळात या शहराने पाण्यासाठी काय सोसले, ते अजून कोणी विसरलेले नाही. याच नदीवरील घाणेवाडीच्या तलावातील गाळ नागरिकांनी लोकवर्गणीतून उपसला, तो याच जाणिवेतून. गाळ काढावा की न काढावा, हा वाद येथे मांडावयाचा नाही. तो काढलाच पाहिजे. प्रश्न आहे तो काढण्याच्या रीतीचा.

पोकलेन यंत्र पात्रात उतरते ते मार्च ते मे या महिन्यांत, म्हणजे पात्र कोरडे पडते तेव्हा. नेमक्या याच काळात गोड्या पाण्यातील मऊ पाठीचे कासव ओलसर चिखलात स्वतःला गाडून घेऊन पावसाची वाट पाहत पडलेले असते. मरळ मासाही चिखलात तग धरून असतो. वेडा राघू आणि खंड्या मातीच्या उभ्या दरडीत हातभर बिळे कोरून अंडी घालतात, तेही याच सुमारास. जे आपल्याला निरुपयोगी चिखल वाटतो, ते कोणाचे तरी घर असते. हे कासव आणि काठावरची घोरपड या दोघांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आहे. परंतु यंत्राच्या दात्याला अनुसूची वाचता येत नाही, आणि ठेकेदाराचे देयक काढले जाते ते घनमीटरांवर.

इंग्लंडमध्ये ओढ्याकाठी बिळे करून राहणारा पाणउंदीर आहे. दिसायला आपल्या शेतातील उंदराचाच भाऊबंद; त्याच्यासाठी कोणी अश्रू ढाळावेत असे त्याचे रूप नव्हे! तरीही 2008 पासून तेथे त्याला कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. कालव्याच्या वा ओढ्याच्या डागडुजीपूर्वी जाणकार माणूस काठ पाहून जातो. शक्य तेथे एका वेळी एकाच काठाला हात लावतात, म्हणजे हुसकलेल्या जिवास समोरचा काठ उरतो. तेवढ्यासाठी तेथील कालवे गाळाने भरून गेले नाहीत.

आपल्याकडे हे अशक्य का असावे? काठाचे काम पक्षी घरटी करण्यापूर्वी, जानेवारीतच उरकता येईल. गाळ उन्हाळ्यातच काढावा लागणार, हे मान्य. मात्र एखादा डोह आणि थोडी उभी दरड न छेडता ठेवावी. सगळे काठ उतरते आणि गुळगुळीत करण्याचा हव्यास अभियंत्यांनी आवरला, तर खर्चही थोडा वाचेल. सापडलेली कासवे वनखात्याच्या स्वाधीन करण्याची अट निविदेतच घालता येते.

आणि जाणकार शोधण्यास विद्यापीठ गाठण्याची आवश्यकता नाही. कोणत्या डोहाच्या तळाशी मरळ दडते, कासव कोठे रुतून बसते, हे पिढ्यानपिढ्या जाळे टाकणाऱ्या भोई मंडळींना ठाऊक असते. यंत्राच्या पुढे चालण्यासाठी त्यांच्यापैकी दोघांना रोजावर घेतले, तर त्या रोजाची रक्कम डिझेलच्या खर्चापुढे नजरेतही भरणार नाही.