बराखीतील कांद्याचे श्वसन

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत उन्हाळी कांद्याची काढणी साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये होते. ओतूर, नारायणगाव, मंचर या परिसरातील शेतकरी चांगल्या भावाच्या अपेक्षेने हा कांदा बराखीत साठवितात. काही महिन्यांनी तोच माल वजनाला कमी भरतो. या घटीचा मोठा भाग पाणी उडून गेल्याचा असला, तरी काही भाग कांद्याच्या स्वतःच्या श्वसनात खर्ची पडलेला असतो.

काढलेला कांदा निर्जीव नसतो. त्याची प्रत्येक जिवंत पेशी साठविलेल्या शर्करेतून ऊर्जा मिळवीत असते. प्रथम पेशीद्रवात ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुव्हिक आम्लाचे दोन रेणू तयार होतात. या टप्प्यास प्राणवायू लागत नाही. परंतु एटीपी या ऊर्जावाहक संयुगाचे निव्वळ दोनच रेणू हाती येतात. पुढील क्रिया तंतुकणिकांत, हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या चक्राद्वारे होते. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हायड्रोजनचा अखेर प्राणवायूशी संयोग होऊन पाणी बनते आणि एटीपीची एकूण प्राप्ती सुमारे ३० ते ३२ रेणूंवर जाते.

१८० ग्रॅम ग्लुकोजच्या संपूर्ण श्वसनास १९२ ग्रॅम प्राणवायू लागतो व सुमारे ६८६ किलोकॅलरी ऊर्जा मुक्त होते. तिचा जेमतेम एकतृतीयांश भाग एटीपीत साठतो. उरलेली उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ढिगातून वारा खेळत नसेल, तर ही उष्णता आतच कोंडते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, की श्वसनाचा वेग साधारणपणे दुप्पट होतो. म्हणजे उष्णतेने श्वसन वाढते आणि श्वसनाने पुन्हा उष्णता वाढते.

सातगाव पठारावरील बटाट्यासही हाच नियम लागू आहे. साठवणीत प्राणवायू अपुरा पडल्यास बटाट्याचा गाभा आतून काळा पडतो.

म्हणून कांदा शेतात पातीसह सुकवून, मान मिटल्यावरच साठवावा. बराखीचा तळ जमिनीपासून उंच असावा, बाजूंनी हवा खेळावी व ढीग फार उंच रचू नये. पावसासाठी लावलेली ताडपत्री उघडीप मिळताच वर करावी. शिक्षकांना हे शाळेतही दाखविता येईल. बंद बरणीत मोड आलेली मटकी व चुन्याची निवळी ठेवल्यास निवळी दुधाळ होते. श्वसनाचा हा पुरावा पाहिलेला विद्यार्थी घरच्या बराखीकडेही जाणतेपणाने पाहील.